गोठलेली खिडकी : संगणक उत्तर द्यायला कसा शिकला?

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/ मोठी फाइल उघडावी आणि पडद्यावरची खिडकी पांढुरकी पडून शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' ही अक्षरे उमटावीत, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. आपण यंत्राच्या मंदपणाला दोष देतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. त्या क्षणी यंत्र बहुधा जोमाने राबत असते. आपल्याला उत्तर द्यायला तेथे कोणी उरलेले नसते, इतकेच. हे 'कोणीतरी' घरोघरच्या संगणकांत नेमले जाण्यास चाळीस वर्षे लागली. त्याची ही कथा.

२/ १९५० च्या दशकात बहुतेक ठिकाणी संगणकाशी संवाद असा नव्हताच. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या हाती द्यायचा आणि निकालासाठी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी यायचे. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकाच यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करत होते आणि प्रत्येकाला यंत्र आपलेच आहे असे वाटत होते.

३/ त्यामागचे तत्त्व ध्यानात ठेवावे. प्रोग्राम आपली पाळी स्वखुशीने सोडेल, या भरवशावर ही प्रणाली उभी नव्हती. ठरावीक अंतराने घड्याळ इशारा देई आणि देखरेख करणारा प्रोग्राम प्रोसेसर एकाकडून काढून दुसऱ्याला देई. पुढील पिढीने नेमके हेच तत्त्व बाजूला ठेवले.

४/ माणूस किती वेळ वाट पाहू शकतो? १९६८ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट मिलर यांनी याचा ऊहापोह केला. कळ दाबल्याचा प्रतिसाद साधारण ०.१ सेकंदात मिळावा, असे त्यांचे मत होते. १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी तीन मर्यादा रूढ केल्या : ०.१ सेकंदापर्यंत प्रतिसाद तात्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडते.

५/ आता येऊ जानेवारी १९८४ कडे. मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा त्यात १२८ केबी मेमरी होती आणि एका वेळी एकच प्रोग्राम चाले. त्याची कार्यपद्धती रेल्वेच्या तिकीट खिडकीवरच्या एकट्या कारकुनासारखी होती. रांगेतील पहिल्याचे ऐकायचे, त्याचे काम उरकायचे, मग 'पुढचे कोण?' म्हणून विचारायचे. माऊसची टिचकी, दाबलेली कळ, खिडकी पुन्हा रंगवण्याची सूचना हे सगळे या रांगेतले ग्राहक.

६/ एखाद्याने दोनशे जणांच्या सहलीचे आरक्षण मागितले आणि कारकून नोंदवह्या तपासायला आतल्या खोलीत गेला, तर रांग जागच्या जागी थांबते. पडद्यावर अगदी हेच घडे. सुझन केअर यांनी रेखाटलेले मनगटी घड्याळाचे चिन्ह म्हणजे 'साहेब आत गेले आहेत' अशी पाटी होती. पाटी सौजन्याची खरी. पण खिडकी बंदच.

७/ मॅकवरील मल्टीफाइंडर (१९८७) आणि विंडोज ३.० (१९९०) यांनी अनेक प्रोग्राम एकत्र चालवले. परंतु सर्वांना मिळून जणू एकच कारकून दिला. ही 'सहकारी' पद्धत. प्रोग्रामने पुढचा संदेश मागितला, की त्या क्षणी दुसऱ्याला पाळी मिळे. एकाने लांबलचक आकडेमोड आरंभली आणि संदेश मागितलाच नाही, तर साऱ्या खिडक्या थिजत. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे आणि न साठवलेल्या मजकुरावर पाणी सोडणे, एवढेच हाती उरे.

८/ हे अभियंते अडाणी होते का? मुळीच नाही. मेमरी तुटपुंजी होती आणि जुने प्रोग्राम चालत राहणे आवश्यक होते. तरीही दुसरा मार्ग शक्य होता. १९८५ च्या अमिगा संगणकात, अवघ्या २५६ केबी मेमरीवर, कार्ल सॅसनराथ यांच्या 'एक्झेक' या गाभ्याने घड्याळाच्या बळावर पाळ्या वाटून दाखवल्या. म्हणजे प्रश्न केवळ साधनांचा नव्हता, निवडीचाही होता.

९/ प्रोग्रामरांनी आपापल्या परीने तोड काढली : कामाचे तुकडे करायचे आणि दोन तुकड्यांच्या मध्ये रांगेकडे डोकावायचे. व्हिज्युअल बेसिकमध्ये त्यासाठी 'डूइव्हेंट्स' ही आज्ञा होती. पण तिच्यात एक सापळा होता. अधीर वापरकर्ता तेच बटण पुन्हा दाबी, आणि पहिले काम अर्धवट असतानाच तेच काम दुसऱ्यांदा सुरू होई. हिशेब बिघडायला एवढे पुरेसे होते. म्हणून काम सुरू होताच बटण निष्क्रिय करण्याची शिस्त आली. ती आजही पाळली जाते.

१०/ या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण ओएस/२ चे. आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांच्या या प्रणालीत १९८७ पासूनच घड्याळाने पाळ्या वाटल्या जात. मात्र १९८८ मध्ये तिला जो खिडक्यांचा थर मिळाला, त्यात कळा आणि टिचक्या यांची रांग सर्वांना मिळून एकच होती. एका प्रोग्रामने आपला संदेश उचलला नाही, तर मागचे सगळे अडकत. प्रोसेसर मोकळा, पण पडदा गोठलेला! कामगार वेगळे करून भागत नाही, रांगाही वेगळ्या कराव्या लागतात.

११/ डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या विंडोज एनटीने (१९९३) रांगा वेगळ्या केल्या. विंडोज ९५ ने तो मार्ग घरोघरी नेला. परंतु जुना १६-बिट प्रोग्राम अडला, तर नव्यांनाही अडवू शके. अखेर २००१ मध्ये मॅक ओएस टेन आणि विंडोज एक्सपी आल्या, आणि १९६१ चे तत्त्व सामान्य वापरकर्त्याच्या टेबलावर स्थिरावले.

१२/ तर मग खिडक्या आजही का गोठतात? कारण प्रत्येक प्रोग्रामच्या आत तो एकटा कारकून अजून बसलेला आहे. खिडकी रंगवणे व टिचक्या ऐकणे हे काम सहसा एकाच 'थ्रेड'कडे, म्हणजे आज्ञांच्या एकाच प्रवाहाकडे असते. अनेकांना ते का देऊ नये? बीओएसने प्रत्येक खिडकीला स्वतंत्र थ्रेड दिला. खिडक्या चपळ झाल्या, पण त्यांच्यातील कुलपे सांभाळण्याचा भार प्रोग्रामरवर पडला.

१३/ सनचे ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये या अडचणीचे मर्म सांगितले. टिचकी खालून, म्हणजे प्रणालीकडून प्रोग्रामकडे येते. रंगवण्याची आज्ञा वरून खाली जाते. दोघेही वाटेत कुलपे लावत जातात, पण उलट्या क्रमाने. मधोमध गाठ पडली, की दोघेही एकमेकांच्या किल्लीची वाट पाहत कायमचे उभे राहतात.

१४/ म्हणून रूढ झालेला नियम असा : खिडकीच्या थ्रेडने फक्त उत्तर द्यावे, जड काम मागच्या खोलीतील दुसऱ्याने करावे आणि निकाल चिठ्ठीने रांगेत टाकावा. डॉटनेटचा बॅकग्राउंडवर्कर (२००५), जावा ६ मधील स्विंगवर्कर (२००६), ॲपलचे ग्रँड सेंट्रल डिस्पॅच (२००९) आणि सी शार्पमधील असिंक-अवेट (२०१२) ही या एकाच नियमाची रूपे.

१५/ खिडकी जिवंत राहिली, की तिला बोलतेही करता येते. काम किती टक्के झाले हे दाखवणारी पट्टी वापरकर्त्यांना हवीशी वाटते, हे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच अभ्यासाने दाखवले होते. 'रद्द करा' हे बटण मात्र नाजूक. मागच्या कामगाराला मध्येच ठार केले, तर फाइल अर्धवट लिहिलेली राहू शकते. म्हणून त्याला विनंती करायची, आणि त्याने अधूनमधून ती पाहायची. हद्दपार केलेला 'सहकार' येथे मागच्या दाराने, पण योग्य जागी परतला.

१६/ आणि ती पांढुरकी खिडकी? प्रोग्रामने सुमारे ५ सेकंद संदेश उचलले नाहीत, तर विंडोज त्याच्या जागी आपली एक छायाखिडकी मांडते. ती निदान हलवता येते, बंद करता येते. आजचे प्रोसेसर १९८४ च्या तुलनेत हजारो पटींनी वेगवान आहेत, तरी ती दिसते. कारण वेग आणि प्रतिसाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या वेळी ती दिसली, तर यंत्र बदलण्याआधी एवढे विचारावे : काम करणारा आणि उत्तर देणारा एकच तर नाही ना?

वाळूचे घड्याळ किंवा फिरता चेंडू पाहत आपण कोणत्या काळात वाट पाहिली आहे, ते खाली अवश्य लिहावे.