जुना डीएसएलआर घ्यावा की नवा मिररलेस? निकॉनच्या दोन कॅमेऱ्यांवरून समजून घ्या

बजेट ठरलेलं असतं. त्यात एक तर सेकंडहँड डीएसएलआर बॉडी आणि सोबत एक-दोन चांगल्या लेन्स बसतात. नाहीतर पुढच्या पिढीची मिररलेस बॉडी येते, पण लेन्स घेताना हात आखडता घ्यावा लागतो. फोटोग्राफीतून पहिली कमाई करू पाहणाऱ्या अनेकांसमोर हा पेच असतो. निवड चुकली तर साठवलेले पैसे अडकतात आणि हातातलं कामही जाऊ शकतं.

थोडक्यात उत्तर असं: नव्या बॉडीमुळे फोटोचा दर्जा फारसा बदलत नाही, हुकणारे फोटो मात्र कमी होतात. त्यामुळे तुमच्या कामात फोटो कुठे आणि का हुकतात, यावर निवड ठरते.

हा फरक समजून घेण्यासाठी निकॉनचे दोन कॅमेरे पाहू. डी७५० हा डीएसएलआर सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झाला आणि झेड६ टू हा मिररलेस ऑक्टोबर २०२० मध्ये. दोन्ही फुल फ्रेम आहेत आणि दोन्हींत दोन कार्ड बसतात. झेड६ टूच्या पुढचा झेड६ थ्री जून २०२४ मध्ये आला, त्यामुळे झेड६ टूसुद्धा आता सेकंडहँड बाजारात मिळतो.

फोटोच्या दर्जात किती फरक आहे?

डी७५० चा सेन्सर २४.३ मेगापिक्सेलचा आहे, झेड६ टूचा २४.५ मेगापिक्सेलचा. म्हणजे सहा वर्षांनंतरही आकडा जवळपास तोच. चांगल्या उजेडात, एकच लेन्स वापरून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले, तर कोणता कुठल्या कॅमेऱ्याचा हे ओळखणं कठीण आहे. कमी उजेडात झेड६ टू थोडा सरस ठरतो, पण निव्वळ तेवढ्यासाठी बॉडी बदलावी इतका तो फरक नाही.

फोटो इन्स्टाग्रामवर जाणार असेल, तर फरक आणखी पुसट होतो. सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो तिथे साधारण १०८० पिक्सेल रुंदीत दिसतो.

मग नव्या बॉडीत मिळतं काय?

पहिली गोष्ट म्हणजे फोकस. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडून व्ह्यूफाइंडरकडे जातो आणि त्यातला काही भाग फोकससाठी असलेल्या वेगळ्या सेन्सरकडे वळतो. फोटो एका सेन्सरवर उमटतो आणि फोकस दुसरा ठरवतो. या दोघांचं गणित किंचित जरी बिघडलं, तरी डोळ्यांऐवजी कान किंवा नाकाचा शेंडा शार्प येतो. मिररलेसमध्ये आरसा नसतो. ज्या सेन्सरवर फोटो उमटतो, तोच फोकसही ठरवतो, त्यामुळे हा घोळ टळतो.

डी७५० मध्ये ५१ फोकस पॉइंट आहेत आणि ते फ्रेमच्या मध्यभागी एकवटलेले आहेत. झेड६ टूमध्ये २७३ पॉइंट असून ते फ्रेमचा सुमारे ९० टक्के भाग व्यापतात. शिवाय हा कॅमेरा माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो.

लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण घ्या. अक्षता उडत असतात, मध्येच कुणाचा तरी हात येतो, नवरा-नवरी फ्रेमच्या कडेला असतात. हा क्षण पुन्हा मिळत नाही. डी७५० वर असे असंख्य क्षण टिपले गेले आहेत, पण तिथे योग्य पॉइंट निवडण्याची जबाबदारी फोटोग्राफरच्या सरावावर असते. झेड६ टूमध्ये त्यातला बराच भार कॅमेरा उचलतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन. डी७५० मध्ये ते नाही, झेड६ टूमध्ये आहे. हाताच्या थरथरीमुळे हलणारा फोटो त्याने सावरतो. मात्र समोरचा माणूसच हलत असेल, तर त्याचा उपयोग नाही. तिथे शटरचा वेगच वाढवावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आवाज. नाटक किंवा शास्त्रीय मैफलीत डीएसएलआरचा खट् आवाज पुढच्या रांगांना टोचतो. झेड६ टू पूर्ण मूकपणे फोटो काढू शकतो. पण त्यालाही मर्यादा आहेत: मूक मोडमध्ये काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि वेगाने हलणारी वस्तू तिरकी दिसू शकते.

रील्ससाठी कोणता?

इथे मात्र तुलना एकतर्फी आहे. डी७५० जास्तीत जास्त फुल एचडी व्हिडिओ घेतो आणि व्हिडिओ चालू असताना त्याचा ऑटोफोकस अडखळतो. झेड६ टू सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून सेकंदाला ३० फ्रेमचा ४के व्हिडिओ देतो.

याचा रील्सशी संबंध असा: आडव्या ४के व्हिडिओतून उभी ९:१६ चौकट कापली, तर १२१५ × २१६० पिक्सेल हाती येतात. रीलला लागणाऱ्या १०८० × १९२० पेक्षा हे जास्तच आहेत. फुल एचडीतून तशीच चौकट कापली, तर रुंदी जेमतेम ६०७ पिक्सेल उरते. म्हणजे डी७५० वर रील करायची तर कॅमेरा उभा धरूनच शूट करावं लागेल.

घरातल्या जुन्या लेन्सचं काय?

अनेकांचं गणित इथेच फसतं. डी७५० ला निकॉनचा एफ माउंट आहे. तो १९५९ पासून चालत आला आहे, त्यामुळे सेकंडहँड लेन्स मुबलक मिळतात. झेड६ टूचा झेड माउंट २०१८ मध्ये आला. एफ माउंटच्या लेन्स त्यावर एफटीझेड अडॅप्टर लावून बसतात, पण एक मोठी अट आहे.

लेन्सच्या आत स्वतःची मोटर असेल, म्हणजे ती एएफ-एस किंवा एएफ-पी प्रकारची असेल, तरच ऑटोफोकस चालतो. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सना फोकस फिरवण्यासाठी बॉडीतली मोटर लागते. ती डी७५० मध्ये आहे. झेड६ टूमध्ये नाही आणि एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही. स्वस्त आणि लोकप्रिय ५० एमएम एफ/१.८ डी ही लेन्स त्यामुळे झेड६ टूवर हातानेच फोकस करावी लागते. उलट दिशेने तर वाटच बंद आहे: झेड माउंटची लेन्स डी७५० वर बसतच नाही.

भविष्याचा विचारही करावा लागतो. निकॉनने डी७८० जानेवारी २०२० मध्ये आणि डी६ फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केले. त्यानंतर कंपनीचा नवा डीएसएलआर आलेला नाही.

जुन्या बॉडीचा वरचष्मा कुठे?

बॅटरीत. ठरावीक चाचणीनुसार डी७५० एका चार्जवर १२३० फोटो देतो, तर झेड६ टू व्ह्यूफाइंडर वापरून ३४०. प्रत्यक्षात सलग फोटो काढताना दोन्ही यापेक्षा जास्त देतात, पण दिवसभराच्या कामाला झेड६ टूसोबत दोन-तीन जास्तीच्या बॅटऱ्या लागतातच.

कार्डांचा खर्चही वेगळा आहे. डी७५० च्या दोन्ही खाचांत साधी एसडी कार्डं चालतात. झेड६ टूच्या एका खाचेला एक्सक्यूडी किंवा सीएफएक्सप्रेस कार्ड लागतं आणि ते महाग असतं. बॉडीची किंमत पाहताना अडॅप्टर, बॅटरी आणि कार्ड यांची बेरीजही करायला हवी.

सेकंडहँड घेताना काय तपासाल?

- शटर काउंट: निकॉनच्या फोटो फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो. ताजा फोटो काढून, मूळ फाइल एक्झिफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा. डी७५० चं शटर १,५०,००० वेळांसाठी तपासलेलं आहे, झेड६ टूचं २,००,००० वेळांसाठी. एका लग्नात ३,००० क्लिक धरले, तर ५० लग्नांत दीड लाख होतात. आकडा ओलांडला म्हणजे शटर लगेच बंद पडतं असं नाही, पण दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करा.
- सीरियल नंबर: काही डी७५० बॉडींच्या शटरमध्ये दोष होता आणि त्यामुळे फोटोच्या एका भागावर सावली येत असे. निकॉनने त्याबद्दल २०१५ मध्ये सूचना काढली आणि २०१६ व २०१७ मध्ये तिची व्याप्ती वाढवली. बॉडी त्या यादीत होती का आणि दुरुस्ती झाली का, हे विचारा.
- सेन्सर: एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. धुळीचे ठिपके दिसतील. ते साफ होतात, ओरखडे जात नाहीत.
- बुरशी: मुंबई आणि कोकणाच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते. टॉर्च मारून काचेच्या आत जाळी दिसते का ते पाहा.
- दोन्ही कार्ड खाचा, सगळी बटणं, मूळ बिल.

मग कोणी कोणता घ्यावा?

निसर्गचित्रं, प्रॉडक्ट, मंदिरं-किल्ले, फुरसतीने काढलेले पोर्ट्रेट हे तुमचं काम असेल, तर डी७५० आजही पुरेसा आहे. वाचलेले पैसे लेन्समध्ये घाला. फोटोत दिसणारा फरक तिथून जास्त येतो. घरात एएफ-डी लेन्स असतील, तर हे आणखी पक्कं.

लग्न, खेळ, रंगमंच, लहान मुलं किंवा व्हिडिओ यांवर भर असेल, तर झेड६ टूकडे वळा. हुकलेला एक क्षण तिथे गिऱ्हाईक गमावण्याचं कारण ठरू शकतो.

आणि हातात आधीच चालता कॅमेरा असेल, तर मागच्या तीन कामांतले टाकून दिलेले फोटो आधी उघडा. ते फोकसमुळे गेले असतील, तर नव्या बॉडीचा विचार करा. उजेड, चौकट किंवा वेळ चुकल्यामुळे गेले असतील, तर नवी बॉडीही ते वाचवू शकली नसती.