परवाना, बंदी आणि उपचार: मुंबईतील नशेच्या जागांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात मुंबई हे माळव्याच्या अफूचे प्रमुख बंदर होते. माळव्यातील संस्थानांत पिकलेली अफू ठरावीक शुल्क भरून मुंबईत येई आणि जहाजांतून चीनला रवाना होई. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. शहरात खपणारी अफू परवानाधारक दुकानांतून विकली जाई. १८७८ च्या अफू कायद्याने या विक्रीला अखिल भारतीय चौकट दिली. काही परवान्यांखाली चंडू किंवा मदक या रूपांत अफू ओढण्यासाठी दुकानातच बसण्याची सोय असे. म्हणजे नशा करण्याची जागा सरकारच्या माहितीतली होती, पण तिच्यामागचा हेतू महसुलाचा होता. ओढणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी घेणारे तिथे कोणी नव्हते.

या चंडूखान्यांविरुद्ध मिशनरी आणि मद्यपाननिषेधाच्या कार्यकर्त्यांनी मोहीम उघडली. सरकारी परवान्यामुळे व्यसनाला प्रतिष्ठा मिळते, असा त्यांचा आक्षेप होता. १८९० नंतर सरकारने परवान्याच्या दुकानात अफू ओढण्यास मनाई केली. १८९३ मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगापुढे या बंदीच्या परिणामांचीही चर्चा झाली. दुकानातली बैठक मोडली, तेव्हा ओढणारे खासगी खोल्यांत जमू लागले. त्या अड्ड्यांना परवाना नव्हता, त्यामुळे त्यांवर देखरेखही नव्हती. बंदी हवी म्हणणारे आणि परवाना हवा म्हणणारे, दोघांचेही म्हणणे यात अंशतः खरे ठरले. परवान्याने व्यसनाला आधार दिला होता, तर बंदीने व्यसनी माणूस नजरेआड झाला. त्याच्या उपचाराची तरतूद मात्र दोन्ही बाजूंच्या मागण्यांत मध्यवर्ती नव्हती.

परळ, लालबागच्या गिरणगावात अफूचे आणखी एक रूप होते. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना बाळगोळी देत. तिच्यात अफू असे आणि मूल तासन्‌तास झोपून राही. १९२० च्या दशकातील कामगारविषयक पाहण्यांत ही प्रथा ठळकपणे नोंदली गेली. आईला दोष देऊन ती थांबण्यासारखी नव्हती, कारण बाळाला सांभाळायला घरी कोणी नसे. त्यामुळे १९३१ च्या व्हिटली कामगार आयोगाच्या अहवालाने गिरण्यांत पाळणाघरांचा आग्रह धरला. सवयीमागचे कारण शोधून त्यावर इलाज करण्याचा हा विचार या इतिहासात विशेष मोलाचा आहे.

१९३६ मध्ये मुंबई प्रांताने अफू ओढण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. आरोग्य व अबकारी मंत्री डॉ. एम. डी. गिल्डर हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. महसूल बुडण्याची भीती, मद्यव्यवसायातील पारशी कुटुंबांचा रोजगार आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य या मुद्द्यांवर शहरात कडाडून विरोध झाला. गिरणी कामगाराचा पगार दारूच्या गुत्त्यावर संपू नये, ही समर्थकांची भूमिका होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात प्रकृतीच्या कारणासाठी परमिटची सोय होती. पुढे नियम सैल झाल्यावर परमिट रूम सर्वत्र दिसू लागल्या. दरम्यान हातभट्टीच्या दारूने शहरात मूळ धरले होते. अफूची औषधबाह्य विक्री टप्प्याटप्प्याने कमी करून १९५९ मध्ये बंद करण्यात आली.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, मुंबईत पसरली. याच काळात १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी संप सुरू होता आणि गिरणगावातील हजारो घरांची कमाई थांबली होती. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने सेवन हाही गुन्हा ठरवला. ‘गर्दुल्ला’ ही शिवी चाळीत, फलाटावर आणि पुलाखाली रुळली. ज्याच्यावर ती पडली, त्याला दवाखान्याचे दारही लांब वाटू लागले. तरीही उपचाराची परंपरा याच काळात उभी राहिली. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण स्थापन केले. पुढे सुईतून पसरणाऱ्या एचआयव्हीने प्रश्न आणखी तातडीचा केला. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने निर्जंतुक सुया आणि पर्यायी औषधोपचाराचे काम केले. या उपचारात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सामान्यतः केंद्रात, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली घ्यावी लागते.

परदेशात याहून पुढचे पाऊल टाकले गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १९८६ मध्ये, सिडनीत २००१ मध्ये आणि व्हँकुव्हरमध्ये २००३ मध्ये वैद्यकीय देखरेखीखाली नशा करण्याची केंद्रे उघडली. अतिमात्रेने होणारे मृत्यू टाळणे हा त्यांचा पहिला हेतू आहे. परिसरात गर्दी आणि विक्रेते वाढतील, ही तिथल्या रहिवाशांची भीतीही वादात सतत पुढे आली. भारतात असे केंद्र कायद्यात बसत नाही. १९८५ च्या कायद्याचे कलम २५ जागा वापरू देणाऱ्यालाही शिक्षा देते. कलम ७१ मात्र सरकारला उपचार केंद्रे स्थापण्याचा आणि नोंदणीकृत व्यसनींना वैद्यकीय गरजेनुसार अमली औषध पुरवण्याचा अधिकार देते.

रहिवाशांच्या मताला वाव देणारी एक तरतूद महाराष्ट्रात आहे: दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्थानिक मतदान. ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ या चिन्हांवर महिलांनी अनेक ठिकाणी दुकाने बंद करून दाखवली. आपल्या वस्तीत काय नको, हे सांगण्याचा हा हक्क कष्टाने मिळाला आहे आणि तो जपलाच पाहिजे. उपचार केंद्राच्या बाबतीत रहिवासी, डॉक्टर आणि व्यसनातून बाहेर पडू पाहणारे यांना एकत्र बसवणारी अशी तरतूद नाही. शंभरहून अधिक वर्षांच्या या इतिहासात परवाना आणि बंदी दोन्ही वापरून झाले. उपचाराला मात्र त्यांच्याइतके बळ कधीच मिळाले नाही.