तळहाताएवढा साहेब

आबिड्सच्या पदपथावर रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात आमची फेरी बहुत वर्षांची. सरकारी नोकरीत ती वारंवार चुके. निवृत्तीनंतर नेमाने घडते. मध्यंतरी तेथे एका फाटक्या इंग्रजी चित्रसंग्रहात अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रज गृहस्थाचे लघुचित्र आम्हांस आढळले. खांद्यावर रुळणारा कृत्रिम केसांचा टोप, गळ्याशी पांढरे वस्त्र, नजर किंचित गर्विष्ठ. मूळ चित्र तळहातात मावेल एवढेच. खाली नाव नव्हते. नुसते ‘एक सद्गृहस्थ’.

अशी चित्रे भिंतीसाठी नसत. डबीत वा पदकात बसवून ती आप्तांनी जवळ बाळगावयाची. पूर्वी ती वासराच्या कमावलेल्या पातळ कातड्यावर काढीत. १७०० च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएरा या चित्रकर्तीने तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर हस्तिदंत वापरला, आणि १७०७ च्या सुमारास लंडनच्या बर्नार्ड लेन्सने तो इंग्लंडात रूढ केला. हस्तिदंत पाणी पीत नाही. जलरंग त्यावरून घसरतो. म्हणून पातळ काप घासून, त्याचा तेलकटपणा काढून, बारीक ठिपक्यांनी रंग बसवावा लागे. एवढ्या कटकटीचे फळ एकच: रंगाखालून हस्तिदंताची मंद झाक उमटते आणि गाल जिवंत भासतो.

१७०७ हे साल आपणांस निराळ्या कारणाने पाठ आहे. त्या वर्षी औरंगजेब अहमदनगरास वारला व शाहूराजे सुटून दक्षिणेत आले. गोवळकोंडा पडून तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्या मुलखातला एक थोरला हिरा मद्रासचा गव्हर्नर टॉमस पिट याने विकत घेऊन आधीच विलायतेस धाडला होता. १७१७ मध्ये तो फ्रान्सच्या राजप्रतिनिधीने घेतला. आमच्या अनाम गृहस्थाचे वैभव कोठले, हे त्याचा टोप सांगत नाही.

पुढे ही कलाच इकडे आली. जॉन स्मार्ट हा नामांकित लघुचित्रकार १७८५ ते १७९५ मद्रासेत होता. दूरदेशी आलेल्या माणसाचा चेहरा घरी पोचविण्याचे दुसरे साधन तरी कोणते होते?

आबिड्सहून चालत जाण्याइतक्या अंतरावर कोठीची रेसिडेन्सी आहे. तेथील रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक व खैरुन्निसा बेगम यांची दोन मुले १८०५ मध्ये विलायतेस निघाली, तेव्हा मद्रासेत जॉर्ज चिनरीने त्यांचे चित्र रंगविले. ते लघुचित्र नव्हे, चांगले मोठे आहे. परंतु हेतू तोच. बाप त्याच वर्षी कलकत्त्यास वारला. आईस मुले पुन्हा दिसली नाहीत. त्या मुलांची नावे मात्र टिकली.

आमच्या घरी पगडी व लांब कोट घातलेल्या एका पूर्वजाचा फोटो आहे. मराठवाड्यातून निजामाच्या चाकरीस आलेल्या तिघा भावांपैकी हा कोणता, ते सांगू शकणारी आत्या गेली आणि आमचे विचारावयाचे राहून गेले. सरकारी दफ्तरात कागदाच्या पाठीवर शेरा लिहिल्यावाचून ज्यांनी कागद पुढे सरकविला नाही, त्यांच्याच घरी ही अवस्था!

गेल्या आठवड्यात बाकीच्या अकरा फोटोंच्या मागे आम्ही पेन्सिलीने नावे लिहिली. या एकाच्या मागे तिन्ही नावे लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे.