सोन्याचा पाळणा आणि सावकाराची वही

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. येथील पेठेला ती शोभतेही. परंतु भोवतालच्या खेड्यांत ज्या घरी खरोखरच पाळणा हलावयाचा असे, तेथील जमाखर्च कसा जुळत असे?

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी पैसा येई तो सुगीला. बाळंतपण काही सुगीची वाट पाहत नाही. श्रावणात दिवस भरले, तर कणगी रिकामी आणि पीक अजून शेतात. मग तरुण बापाने सावकाराची पायरी चढावयाची. धान्य सवाईने किंवा दिढीने मिळे. म्हणजे मणाला सवा किंवा दीड मण परत. सहा महिन्यांची मुदत धरली, तर वर्षाला हे व्याज शेकडा ५० ते १०० पडते!

पहिले बाळंतपण माहेरी, ही रूढी नुसत्या मायेची नव्हे. ती खर्चाची वाटणीही होती. सुईण, डिंक, खारीक, तूप यांचा भार मुलीचा बाप उचली. पण पुष्कळदा त्याचेही नाव सावकाराच्या वहीत असेच.

१८७५ मध्ये पुणे-नगरकडील शेतकऱ्यांनी कर्जाचे कागद जाळले आणि १८७९ मध्ये तिकडे कायदा झाला. जालना निजामाच्या राज्यात. तो कायदा येथे लागू नव्हता. स्वातंत्र्यानंतरही, १९५१-५२ च्या देशव्यापी ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे शेकडा ७० सावकारी आणि जेमतेम ३ सहकारी आढळले.

पुढे अनेक घरांत वहीच्या जागी ऊसतोडीची उचल आली. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच खर्चून बसलेली. ती फेडावयाची उसाच्या फडात. बाईला कितवा महिना आहे, हे त्या हिशेबात कोठेच नसते. कामाला गेली नाही, तर खाडा मात्र मांडला जातो.

अशा घरांना आपण उधळपट्टीचा दोष चटकन देतो. इतिहास निराळे सांगतो. त्यांचा हिशेब रकमेइतकाच तारखेने चुकला. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. पण त्यांतील शेवटचा हप्ता बाळाच्या लसी झाल्यावर. मदत द्यावयाची, तर ती पाळणा बांधण्यापूर्वी दारी पोहोचली पाहिजे. उशिरा आलेला रुपया आईच्या ताटात पडत नाही. तो थेट देणेकऱ्याच्या हाती जातो.