एका शब्दाचा तंटा

‘गॉन विथ द विंड’ हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो सेमिनरीच्या सभागृहात, व्हिडिओ कॅसेटवर. जवळजवळ पावणेचार तासांचा चित्रपट असल्यामुळे तो दोन रात्रींत विभागून दाखवला गेला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्ध, जॉर्जिया राज्यातील कापसाचे मळे आणि त्या वणव्यातून तावून निघालेली हट्टी, सुंदर, स्वार्थी स्कार्लेट ओहारा. शेवटी रेट बटलर तिला सोडून निघतो. आता मी कुठे जाऊ, असे ती विचारते, तेव्हा आपल्याला त्याची काडीचीही पर्वा नाही, असे तो सांगतो. ते वाक्य आम्हा सर्वांना आधीच ठाऊक होते आणि त्याचीच आम्ही वाट पाहत होतो. ते उच्चारले जाताच सभागृहात टाळ्या पडल्या. त्या वाक्यातील ‘डॅम’ या शब्दाशी कॅथलिक ख्रिस्तसभेचा किती जवळचा संबंध होता, याची आम्हाला तेव्हा कल्पना नव्हती.

हॉलिवूडने १९३० साली चित्रपटांसाठी जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्या लेखनात मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक आणि डॅनियल लॉर्ड हे येशूसंघीय धर्मगुरू यांचा मोठा वाटा होता. १९३४ पासून तिची कठोर अंमलबजावणी करणारे जोसेफ ब्रीन हेही कॅथलिकच. त्याच वर्षी बिशपांच्या पुढाकाराने ‘लीजन ऑफ डिसेन्सी’ स्थापन झाली आणि अनैतिक चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा भाविक चर्चमध्ये घेऊ लागले. ‘डॅम’ हा शब्द संहितेला निषिद्ध होता. खरे तर त्याचे मूळ आपल्याच धर्मशास्त्रात आहे. एखाद्याला अनंतकाळच्या नरकवासाचा शाप देणे, हा त्याचा मूळ अर्थ. बोलण्यात झिजून तो नुसता तिरस्काराचा उद्गार उरला.

निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी सावधगिरी म्हणून त्या वाक्याचे एक सौम्य रूपही चित्रित करून ठेवले होते. पण ऑक्टोबर १९३९ मध्ये त्यांनी विल हेज यांना पत्र लिहून, शब्दकोशाचा आधार देत, हा शब्द शाप नसून केवळ ग्राम्य आहे असा युक्तिवाद केला. १ नोव्हेंबरला संहितेत दुरुस्ती झाली. ऐतिहासिक प्रसंगासाठी किंवा साहित्यकृतीच्या अवतरणासाठी अत्यावश्यक असेल, तर असा शब्द चालेल, असे ठरले. सेल्झनिकना या शब्दापायी पाच हजार डॉलर दंड झाला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती दंतकथा आहे. दुरुस्तीनंतर दंडाचा प्रश्नच उरला नव्हता. लीजनने मात्र चित्रपटाला ‘ब’ वर्गात, म्हणजे अंशतः आक्षेपार्ह, असे टाकले.

ओहारा कुटुंब आयरिश कॅथलिक आहे, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. मूळ कादंबरीच्या लेखिका मार्गारेट मिचेल यांची आई कॅथलिक होती. चित्रपटाच्या आरंभी संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेचे एक दृश्य आहे. आई प्रार्थना चालवते, मुली गुडघे टेकून बसल्या आहेत आणि घरातील गुलाम सेवकही त्यांच्यासोबत आहेत. प्रार्थना आहे पापकबुलीची. स्कार्लेटचे चित्त मात्र अॅश्लीपाशी आहे. प्रार्थनेच्या वेळी मुलींचे मन कुठे भटकते, हे पाहून आम्ही हसलो होतो. वाचकहो, पुढे अनेक वर्षांनी ते दृश्य पुन्हा पाहताना मला हसू आले नाही. विकत घेतलेल्या माणसांना शेजारी गुडघ्यावर बसवून ते कुटुंब आपली पापे कबूल करते आहे. त्या कबुलीत हे पाप नाही. हे काही कल्पित कुटुंबापुरते नव्हते. १८३८ साली मेरीलँडमधील येशूसंघीयांनी २७२ गुलाम लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकण्याचा व्यवहार केला आणि त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन येथील महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला. संघाने त्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती २०१७ मध्ये.

मध्यंतरापूर्वीचे दृश्य आठवा. उजाड शेतात उभी राहून स्कार्लेट परमेश्वराला साक्षी ठेवते आणि खोटे बोलावे, चोरावे, फसवावे किंवा जीव घ्यावा लागला तरी आपण पुन्हा उपाशी राहणार नाही, अशी शपथ घेते. दहा आज्ञांपैकी पाचवी, सातवी आणि आठवी ती एका वाक्यात मोडते. तरी इतिहासात गाजला तो ‘डॅम’चा तंटा. कृष्णवर्णीयांना उद्देशून वापरला जाणारा एक अपमानकारक शब्दही पटकथेत होता. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे आणि संघटना यांनी निषेध केल्यावर सेल्झनिकनी तो काढला. एवढे केल्यावरही गुलाम आपल्या मालकांवर संतुष्ट आहेत, हे चित्र तसेच राहिले. ज्या संहितेने एका शिवीवर खल केला, त्याच संहितेत गोऱ्या आणि काळ्या माणसांमधील शरीरसंबंध दाखवण्यास बंदी होती. त्या कलमावर अशी पत्रापत्री झाली नाही.

मॅमीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मले होते, आणि वडील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढले होते. स्कार्लेटला खडसावणारी मॅमीची वाक्ये आजही लोकांच्या तोंडी आहेत. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा येथे चित्रपटाचा प्रथम खेळ झाला, तेव्हा जॉर्जियातील वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्या तिथे उपस्थित राहू शकल्या नाहीत. आदल्या दिवशीच्या मेजवानीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायकवृंद गुलामांच्या पोशाखात गायला. त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता, मार्टिन ल्यूथर किंग.

२९ फेब्रुवारी १९४० रोजी हॅटींना ऑस्कर मिळाले. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. त्या रात्री सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या एका लहान मेजावर त्यांना बसवले होते. १९५२ मध्ये त्या निवर्तल्या. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे, ही त्यांची अखेरची इच्छा होती. वर्णामुळे ती नाकारण्यात आली आणि त्यांना लॉस एंजेलिसच्या रोझडेल दफनभूमीत पुरले. हॉलिवूडच्या त्या दफनभूमीत त्यांच्या नावाची शिळा १९९९ मध्ये बसवली गेली. तिच्याखाली कबर नाही.