सूर्यप्रकाश, पांढरी भुकटी आणि सोन्याचे कण

रायपूरच्या समता कॉलनीत वैशाखाच्या उन्हात तळपणाऱ्या पांढऱ्या भिंतीच्या रंगाला शुभ्रता देणारा पदार्थ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. हा अर्धवाहक आहे. प्रकाशाकडून रासायनिक अभिक्रिया घडवून घेण्याच्या संशोधनाचा इतिहास बराचसा याच भुकटीभोवती फिरतो.

१९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी ‘नेचर’मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. या अर्धवाहकाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पडताच पाण्याचे विघटन होऊन तेथे ऑक्सिजन आणि त्याला जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन निर्माण झाला. पाण्यातून इंधन मिळण्याची आशा पल्लवित झाली. मात्र अडचण मोठी होती. प्रकाशाने मुक्त झालेले बहुतेक इलेक्ट्रॉन अभिक्रियेत भाग घेण्यापूर्वीच मागे राहिलेल्या धन पोकळ्यांशी पुन्हा जुळतात आणि ऊर्जा वाया जाते.

उपाय धातूने दिला. १९७८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात बर्नहार्ड क्रॉयटलर व ॲलन बार्ड यांनी प्रकाशाच्याच साहाय्याने भुकटीच्या कणांवर प्लॅटिनम बसवले. धातू इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि त्यांची पोकळ्यांपासून ताटातूट करतो.

हा धातू नेमके काय बदलतो, याचे मोजमाप प्रशांत कामत यांच्या गटाने केले. कारवारजवळच्या बिणग्यात जन्मलेले कामत १९७९ मध्ये मुंबई विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून अमेरिकेस गेले. १९८३ पासून ते नोटर डेम विद्यापीठात आहेत. २००४ मध्ये वैद्यनाथन सुब्रमणियन व एदुआर्दो वुल्फ यांच्यासह त्यांनी दाखवले, की सोन्याच्या कणांत इलेक्ट्रॉन साठले की संपूर्ण जोडीची ऊर्जापातळी सरकते आणि इलेक्ट्रॉन देण्याची तिची क्षमता वाढते. ८ नॅनोमीटरच्या कणांनी ही पातळी २० मिलिव्होल्टने सरकली, ५ नॅनोमीटरच्या कणांनी ४०, तर ३ नॅनोमीटरच्या कणांनी ६० मिलिव्होल्टने. कण जितका लहान, तितका प्रत्येक इलेक्ट्रॉनचा परिणाम मोठा.

तरीही एक मर्यादा उरलीच होती. टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरणे लागतात आणि उन्हात ती जेमतेम ५ टक्के असतात. २००५ मध्ये यांग तियान व तेत्सु तात्सुमा यांनी उलटा प्रवाह दाखवला: सोन्याचे कण दृश्य प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन अर्धवाहकाला देतात. ज्याला आधी केवळ साठवणीचे काम होते, तोच धातू आता प्रकाश टिपू लागला. भिंतीवरून परतणारे ऊन कामी लावण्याची वाट त्यातून खुली झाली.