‘समय’चा आवाज : तळटीप
२७. बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ या दूरदर्शन मालिकेचा (१९८८–९०, ९४ भाग) निवेदक. पटकथा-संवाद राही मासूम रझा यांचे, आवाज हरीश भिमानी यांचा. मूळ ग्रंथात कथेच्या आत कथा सांगणारे आहेत : नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगणारा सौती, त्याच्या कथेत जनमेजयाला सांगणारे वैशंपायन, आणि त्यांच्याही कथेत धृतराष्ट्राला युद्धाची हकीकत सांगणारा संजय. संजय हे कथेतलेच पात्र, म्हणून तो मालिकेतही राहिला. बाहेरच्या दोघांची जागा मात्र एकट्या काळाने घेतली. हा बदल फार मोलाचा आहे. सौती आणि वैशंपायन ऐकलेले सांगतात. काळ स्वतः साक्षी असतो. पुढे काय होणार हेही त्याला ठाऊक असते, त्यामुळे भीष्माची प्रतिज्ञा चालू असतानाच तिची किंमत कोण मोजणार हे तो बोलू शकतो. दर रविवारी मागचा धागा जुळवून देण्याचे कामही त्याच्याकडेच होते.

लेखकाने वर पार्श्वनिवेदनाला सरसकट ‘दुबळ्या पटकथेची कुबडी’ म्हटले आहे. पडद्यावर दिसते तेच पुन्हा सांगणाऱ्या निवेदनापुरते ते खरे. ‘समय’ प्रसंगाचा अर्थ लावतो, दोष कुणाचा हे विचारतो. त्याला त्या ओळीत बसवणे अन्यायाचे आहे. (भिमानी यांना पुढे निवेदनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो एका मराठी लघुपटासाठी.) — संपा.